‘झालं मंग’ कापायचं राहिलं

कूलर सुरू असला की आवाज नीट रेकॉर्ड होत नाही, हे ज्ञान मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी झालं. नागपुरात, मे महिन्यात, भर दुपारी कुणाच्या तरी घरी जायचं, त्यांनी दिलेलं माठातलं पाणी प्यायचं आणि मग म्हणायचं, “जरा कूलर बंद करता का?” याहून उद्धट मागणी मला तरी सुचत नाही. पण मी ती करते. लोक बिचारे उठतात, बटण दाबतात. काही जण तर आपणहून पंखाही बंद करतात. मग आम्ही समोरासमोर बसून, घामाने निथळत, शहराच्या विकासावर बोलतो.

सव्वीस वर्षं मी एका मराठी दैनिकात बातम्या लिहिते आहे. ऑफिस सदरला, घर प्रताप नगरला, आणि मधलं सगळं शहर स्कूटीच्या चाकांना पाठ. पूर्वी माझ्या पिशवीत वही, दोन पेनं आणि पाण्याची बाटली असायची. आता तिच्यात फोन उभा करायची घडीची काठी असते, कॉलरला अडकवायचा माईक असतो, वाऱ्यासाठी त्याच्या डोक्यावर घालायची केसाळ टोपी असते, दोन चार्जर असतात आणि जागा उरली तर वही. एकच बातमी चारदा द्यावी लागते. एकदा पेपरसाठी, एकदा वेबसाईटसाठी, मग फोन उभा धरून आणि मग फोन आडवा धरून. नुसत्या आवाजाची मागणी आली तर ती पाचवी.

“वाचक आता पाहतो आणि ऐकतो,” असं आम्हाला एका मीटिंगमध्ये सांगण्यात आलं. “मग वाचतो कोण?” असं मी विचारलं. सगळे हसले, मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर माईक येऊन पडला.

मी थकले आहे. हे यंत्रांमुळे झालं असं मी लोकांना सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे आणि माझ्या वयाच्या बाईकडून तेवढंच अपेक्षित असतं. खरं तर यंत्रं मी महिन्याभरात शिकले. फोन हलू न देता चालता येतं, बोलता बोलता श्वास कुठे घ्यायचा ते कळतं, आपलाच आवाज ऐकायचीही हळूहळू सवय होते. माझा थकवा दोन शब्दांचा आहे. ते मी कापले नाहीत.

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. पेपरात लागले त्या पहिल्याच आठवड्यात डेस्कवरच्या एका वयस्कर उपसंपादकांनी मला बोलावलं. समोर माझी बातमी होती आणि तिच्यातल्या प्रत्येक ‘मले’भोवती त्यांनी लाल गोल काढला होता. ‘मले पाणी भेटत नाई’ असं एक बाई म्हणाली होती, आणि मी ते तसंच लिहिलं होतं. ते शांतपणे म्हणाले, “लोक बोलतात ते लिहायचं नसतं. लोकांना काय म्हणायचं आहे, ते लिहायचं.” मी स्वतः घरात ‘मले’ म्हणणारी. पण नोकरी नवी होती, मान हलवली आणि शिकले. ‘मले’चं ‘मला’, ‘काहून’चं ‘का’, ‘येऊन राहिले’चं ‘येत आहेत’. वाक्याच्या शेवटी लोक जी शेपटं लावतात, म्हणजे ‘ना बाप्पा’, ‘सांगा बरं’ वगैरे, ती सगळी उडवायची. हात इतका बसला की समोरचा माणूस बोलत असतानाच वहीत शुद्ध मराठी उतरायला लागली. माझ्या बातम्यांत भाजीवाले, ऑटोवाले, नगरसेवक, सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलायचे.

आई तेव्हा होती. ती रोज चष्मा लावून माझी बातमी वाचायची आणि म्हणायची, “हे कोन बोललं वं? आपल्या इकडे तं असं कोनीच बोलत नाई.” मी हसण्यावारी न्यायचे. पण ते लागायचं. आपण रोज कुणाचं तरी बोलणं त्याच्या तोंडातून काढून घेतो आणि आपलं भरतो, असं वाटत राहायचं. पुढे पुढे तर मला त्याची लाज वाटायला लागली. ही लाज लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिने केला.

जिच्याबद्दल मला सांगायचं आहे, ती बाई मला पहिल्यांदा जरीपटक्याला टँकरच्या रांगेत भेटली. ती तिथेच मागच्या एका वस्तीत राहायची. पाण्याचे दोन गुंड रांगेत लावून ती कडेच्या सावलीत उभी होती आणि सगळ्यांच्या वतीने बोलत होती. माझ्याच वयाची, आवाज खणखणीत. एक एक वाक्य पूर्ण करायची आणि शेवटी म्हणायची, “झालं मंग.” टँकर दोन दिवस आला नाही, झालं मंग. आला तं अर्ध्याच लोकायले पुरला, झालं मंग. म्हणजे झालं, संपलं, आता तुम्हीच काय ते ठरवा. मी तिचं बोलणं ‘एका रहिवासी महिलेने सांगितले’ असं छापलं. शेपटं अर्थातच उडवली.

काही दिवसांनी मी पुन्हा त्या भागात गेले तेव्हा तिनेच हाक मारली. “जयभीम बाई! बाप्पा, मी इतकं चांगलं कधी बोलली वं? पोरीनं वाचून दाखवलं तं मले समजलंच नाई का ते माझंच होय!” आणि ती इतकी हसली की मलाही हसू आलं. तिने चहा पाजला. तेव्हापासून ओळख राहिली. काही घडलं की फोन करायची.

ती एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. अकरा वर्षं करत होती. नवरा गेल्यापासून घर तिच्या त्या कामावर उभं होतं आणि धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षणही. मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. नवा ठेकेदार आला होता आणि सामान अर्धंच येत होतं. तुरीची डाळ नावाला, तांदळात सोंडे, आणि तक्रार केली तर मुलींनाच दम. “पोरी ताटावरून उपाशी उठून राहिल्या बाई. मले पाहवत नाई. तुम्ही लिहा.”

मी हो म्हटलं. पण आता नुसतं लिहून चालत नव्हतं. ऑफिसात सांगितल्याबरोबर आमच्या डिजिटल विभागाचा प्रमुख खुर्चीतून पुढे सरकला. तिशीतला माणूस, पुण्याकडचा, कामाला हुशार, वागायला चांगला. “मॅडम, हे ऑडिओ करू या. आतल्या माणसाचा आवाज. लिहिलेलं कोण ऐकतं?” लिहिलेलं ऐकत नाहीत, वाचतात, हे मी मनात म्हटलं.

बाई तयार झाली. तिची एकच अट होती. “चेहरा नको अन् नाव नको. हे काम गेलं तं मी कुठं जाऊ?” मी तिच्या घरी, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून तिला शब्द दिला. “कोनाले समजणार नाई, ताई. मी आहो ना.” तिच्याशी बोलताना माझंही बोलणं आपोआप घरचं व्हायचं. मग मी कूलर बंद करायला सांगितला.

ती पंचवीस मिनिटं बोलली. पदराने कपाळ पुसत होती आणि बोलत होती. “निस्तं हळदीचं पानी असते बाई. त्यात डाळ पाहाले भेटली तं मले सांगा. झालं मंग.” एका लहान चणीच्या मुलीबद्दल ती बोलली. ती रोज भांडी घासायच्या वेळी येऊन विचारायची, मावशी, खरवड आहे काय? म्हणजे पातेल्याच्या तळाला लागलेला भात. “मी तिले खरवड काढून देतो. आता खरवडीले बी भात लागते ना. भातच नाई, झालं मंग.” इतकी वर्षं मी बातम्या आणते आहे, पण कुणाचं बोलणं असं पुरतं माझ्या हाती कधीच आलं नव्हतं. वहीत मी हे लिहिलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. ‘विद्यार्थिनींना पुरेसे जेवण मिळत नसल्याचे एका कर्मचाऱ्याने सांगितले.’

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात ते ऐकायला बसलो. डिजिटलच्या प्रमुखाने दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, आवाज बदलायचा. त्याने एक बटण दाबलं आणि बाईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा जाड झाला. खरवडीचं वाक्य त्या आवाजात ऐकून मला किळस आली. “ही बाई आहे की भूत?” मी म्हटलं. “यावर कुणाचा विश्वास बसेल?” दुसरी, ते सारखं सारखं येणारं ‘झालं मंग’ कापायचं. “नऊ वेळा आहे, मॅडम. फिलर आहे. अर्थ काहीच नाही.”

तिथे माझं डोकं फिरलं. अर्थ काहीच नाही! ‘उठून राहिल्या’ म्हणजे उठल्या आणि मग राहिल्या का, असं विचारून ज्याने सकाळपासून माझं डोकं खाल्लं होतं, तो मला ‘झालं मंग’चा अर्थ सांगत होता. मी म्हटलं, “सव्वीस वर्षं मी हेच कापत आले. आता एक अक्षर कापायचं नाही. आवाजाला हात लावायचा नाही. तो आवाज हीच बातमी आहे.” माझा आवाज चढला असणार, कारण काचेपलीकडच्या लोकांनी माना वळवल्या. तो बिचारा म्हणाला, “सोर्सला एकदा विचारून घेऊ या का?” मी म्हटलं, “तिला मी ओळखते.”

हे वाक्य मी तेव्हापासून किती वेळा परत ऐकलं असेल, सांगता येत नाही. ते कुठेच रेकॉर्ड झालेलं नाही, तरी ऐकू येतं.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एका वाटीतल्या पातळ वरणाचा फोटो आणि तिचा आवाज. दुपारी टाकलं आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्याच नात्यातल्या चार ग्रुपवर फिरून मला परत आलं. लोक भरभरून लिहीत होते. वसतिगृहाबद्दल तर लिहीत होतेच, पण भाषेबद्दल जास्त. ‘आपली बोली पहिल्यांदा पेपरवाल्यांकडून ऐकली.’ ‘मावशी रडवलं तुम्ही.’ संपादकांनी फोन करून शाबासकी दिली. मी खूश झाले. खोटं कशाला बोलू, मी फार खूश झाले. आई असती तर म्हणाली असती, हो, असं बोलतात आपल्या इकडे. एवढ्या वर्षांचं माझं काहीतरी फिटलं असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज बारीक होता.

“बाई, मले उद्यापासून नको येऊ म्हटलं.”

मला आधी कळेचना. चेहरा दाखवला नव्हता. नाव नव्हतं. वसतिगृहाचंसुद्धा नाव घेतलं नव्हतं. “काहून? कसं समजलं त्यायले?”

“पोरी मले काय म्हणतात, तुमाले ठाऊक आहे काय?” ती म्हणाली. “झालंमंग मावशी. अकरा वर्षापासून म्हणतात. होस्टेलात माझं नाव कोनालेच ठाऊक नाई. झालंमंग मावशीले बोलवा, झालंमंग मावशीनं भाजी केली. पोरीयनं फोनवर ऐकलं अन् हसाले लागल्या. त्यायचा दोष नाई, लहान आहेत. ठेकेदाराच्या माणसानं विचारलं, काहून हसता वं सगळ्या? झालं.”

पुढचं ‘मंग’ तिने म्हटलंच नाही. मी नाव लपवलं होतं आणि तिचं खरं नाव नऊ वेळा वाजवलं होतं.

“ताई, मले हे ठाऊक नोतं,” मी म्हटलं.

“तुमाले कसं ठाऊक असन? मले तं होतं ना. तुम्ही इचारलं असतं तं मीच म्हटलं असतं, हे काढा बाई.” मग, चिडून नाही, समजावून सांगितल्यासारखं ती म्हणाली, “मले वाटलं तुम्ही पेपरात करता तसंच कराल. माझं चांगलं करून टाकाल. मागच्या वेळी नाई का, मलेच ओळखू आलं नोतं.”

म्हणजे तिने ते पंचवीस मिनिटांचं बोलणं माझ्या लाल पेनावर विसंबून केलं होतं. मी ज्याची लाज बाळगत होते, त्याच्या आडोशाला ती निवांत बसली होती. लोकांचं बोलणं पुसून टाकायची ती आमची जुनी खोड, हजार माणसांना एकाच भाषेत बोलायला लावणारी, तिच्यामागे किती माणसं आपापली नोकरी आणि घर सांभाळून राहिली असतील, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या वयस्कर उपसंपादकांना ते माहीत होतं की तेही नुसती शुद्धलेखनाची हौस भागवत होते, हे आता विचारायची सोय नाही.

मी धावपळ केली. संपादकांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, तिला काढल्याची बातमी लावा, ठेकेदारावर दबाव येईल. ते म्हणाले, “लावली, तर तो आवाज तिचाच होता हे आपणच छापून कबूल केलं. आज निदान ती नाही म्हणू शकते. दुसरीकडे काम मिळायला तेवढं तरी हवं.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं. ऑडिओ काढून टाकला. पण तोवर तो लोकांच्या फोनमध्ये गेला होता. तिथून तो मी परत कसा आणणार? डिजिटलचा प्रमुख माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. ‘मी सांगितलं होतं, मॅडम,’ असं तो म्हणाला नाही. तो चहा ठेवून गेला. त्याने ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

तिच्या घरी मी दोनदा गेले. पहिल्यांदा ती नव्हती, काम शोधायला गेली होती. मुलीने पाणी दिलं आणि दारातच उभी राहिली. दुसऱ्यांदा कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, घर बदललं. फोन लागत होता, पण कुणी उचलत नव्हतं. वसतिगृहातल्या एका मुलीकडून एवढं कळलं की वरण काही आठवडे खरंच घट्ट मिळालं आणि मग हळूहळू पहिल्यासारखं झालं.

काम तर थांबत नाही. मी अजून काठी घेऊन फिरते, उभा-आडवा फोन धरते, लोकांचे कूलर बंद करते. फक्त आता रेकॉर्ड करायच्या आधी मी विचारते, तुम्हाला घरी, कामावर, कुणी कोणत्या नावाने हाक मारतं का? तुमचा काही ठरावीक शब्द आहे का? लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. कोणी लाजून सांगतात, कोणी म्हणतात असं काही नाही. ज्यांचं असतं, त्यांनाच बहुतेक वेळा ते माहीत नसतं. तिला माहीत होतं, आणि तिला विचारलं नव्हतं.

डिसेंबरात एका दुपारी घरी गॅस संपला म्हणून मी प्रताप नगरातल्याच एका मेसमध्ये डबा आणायला गेले. पुढे गल्ल्यावर मालक फोनवर बोलत होता. मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि तिथे पोळ्या लाटणाऱ्या तीन बायकांत ती बसली होती. चेहरा तोच, जो मी कुणालाच दाखवला नव्हता. केस जरा पिकले होते. मी माझ्या घरापासून पाच मिनिटांवर होते, आणि ती तिथे किती दिवसांपासून पोळ्या लाटत होती कोण जाणे.

मी दारापर्यंत गेले. बाजूच्या दोघी मान वर करून बघायला लागल्या. मी हळूच म्हटलं, “ताई, कशा आहा? मले ओळखलं ना?”

तिने वर पाहिलं. ओळखलं, ते डोळ्यांत दिसलं. लाटणं थांबलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “मी बरी आहे. मला आता काम आहे, मॅडम.”

मी उभी राहिले. वाक्य संपलं होतं, तरी मी त्या दोन शब्दांची वाट पाहत राहिले. पुढे काही आलं नाही. तिने पोळी तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा घेतला. मालकाने हाक मारली, माझा डबा तयार होता.

घरी येऊन मी डबा उघडला. वरण चांगलं घट्ट होतं. जेवताना तिचं वाक्य पुन्हा पुन्हा मनात येत होतं. ‘मला आता काम आहे, मॅडम.’ सव्वीस वर्षं मी लोकांच्या तोंडी जे घालत आले, ते तिने या वेळी स्वतःच घातलं होतं. त्यात खोडायला काहीच नव्हतं.